पंडिता रमाबाईंची नम्रता

नम्रतेचा उपदेश आमच्या देशात फार झाला आहे. सुनेने सासूपुढे नम्र असावे, शिष्याने गुरूपुढे असावे, कारकुनाने साहेबापुढे असावे. परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा कामगाराने जॉबरापुढे मान खाली घालून उभे राहावे, आणि परकी राज्य होते तेव्हा रयतेने सरकारपुढे हात जोडावेत, हे सांगताना उपदेशकांची जीभ कधी अडखळली नाही. सासूने सुनेपुढे किंवा साहेबाने कारकुनापुढे कसे असावे हा प्रश्न निघाला की मात्र त्यांची पोथी एकाएकी मिटते. ज्या सद्गुणाची वसुली नेहमी दुर्बळाकडूनच होते, तो सद्गुण आहे की सद्गुणाच्या नावाने बसविलेला एक कर आहे, अशी शंका विचारी मनुष्यास आल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती धर्माने तर या गुणास फारच वरचे आसन दिले आहे. नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया असून अहंकार हे सर्व पापांचे मूळ होय, असे त्या धर्मातील साधुपुरुष शतकानुशतके सांगत आले. परंतु त्यांच्या शास्त्रात या गुणाचा जो मुख्य दाखला आहे त्याची दिशा आमच्या नित्याच्या उपदेशाहून अगदी उलट आहे. मरणाच्या आदल्या रात्री ख्रिस्ताने कमरेस रुमाल गुंडाळून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. शिष्याने गुरूचे पाय धुवावेत ही जगाची रीत. येथे गुरू शिष्यांच्या पायांशी बसला. पैठणास गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल एकनाथांनी कडेवर उचलून घेतले, ही कथा ज्या महाराष्ट्राने लहानपणापासून ऐकली त्यास या दाखल्याचे मर्म समजावयास परदेशी टीकाकार नको. खरी नम्रता वरून खाली वाहते. ती खालून वर मागितली जाऊ लागली की तिचे नाव तेच राहते, परंतु आतील वस्तू बदलते.

हा भेद ज्यांच्या आयुष्यात स्वच्छ दिसून येतो अशा एका महाराष्ट्रीय विदुषीचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. पंडिता रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असा सुशिक्षित मनुष्य मुंबईत विरळा. तथापि गिरगावच्या चौपाटीवर सायंकाळी हवा खाण्यास जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल की, अनाथ विधवांसाठी या बाईंनी काढलेले पहिले विद्यालय याच चौपाटीच्या परिसरात सुरू झाले? रमाबाई गर्विष्ठ होत्या, ताठ होत्या, कोणाचे ऐकत नसत, हा आरोप त्यांच्या हयातीत वारंवार झाला. आणि चमत्कार असा की, तो करणारे लोक एकमेकांचे कट्टर विरोधक होते. सनातनी शास्त्री तो करीत, इंग्रज धर्मगुरू व मठवासिनीही तो करीत. आरोप इतक्या निरनिराळ्या तोंडांनी झाला म्हणजे न्याय करणाराने पुरावा अधिक बारकाईने पाहावा हे उचित होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृताचे गाढे पंडित. स्त्रीस संस्कृत शिकविणे पाप समजले जात असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे जाबही दिला. आईनेच पुढे मुलीस शिकविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, पुराणे सांगे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करी. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंस लहानपणीच मुखोद्गत झाले होते.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने या कुटुंबास गाठले. घरातील पैसा, भांडी, दागिने, सर्व काही दानधर्मात व पोटापायी संपले. उपवास पडू लागले. अशा वेळी चार जणांनी मजुरी केली असती तर प्राण वाचण्याचा संभव होता. परंतु वेदविद्येच्या घरच्या माणसांनी माती उपसणे किंवा ओझे वाहणे हे कुळास शोभणारे नव्हते, आणि भीक मागण्यासही तोंड उघडेना. थोड्याच काळाच्या अंतराने वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री तेवढे उरले. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, थंडी चुकविण्यास नदीकाठच्या वाळूत खड्डा करून निजावे, झाडपाल्यावर व रानफळांवर दिवस काढावेत, अशी या दोन विद्वान भावंडांची दशा झाली. हिंदुस्थानभर ती हजारो मैल पायी हिंडली. पुढे १८९७ साली या दिवसांची हकीकत लिहिताना, आपल्या घरच्यांना मजुरीची व भिक्षेची लाज वाटत होती ही गोष्ट रमाबाईंनी लपविली नाही. जातीचा आणि विद्येचा गर्व माणसास उपाशी मारू शकतो, हा धडा त्यांनी आईबापांच्या मृत्यूतून घेतला होता. त्यांच्या पुढील कार्याची कित्येक सूत्रे या एका धड्यात सापडतात.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित तरुणी संस्कृतात अस्खलित भाषण करते हे पाहून तेथील पंडितसभा थक्क झाली. त्यांची परीक्षा घेऊन सभेने त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्याचा आग्रह केला. १८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर, प्रांत निराळा, भाषा निराळी; दोन्हीकडील लोकांनी वाळीत टाकले. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पती पटकीने गेले. चोवीस वर्षांचे वय पुरे होण्याआधीच ज्या बाईने माता, पिता, बहीण, भाऊ आणि पती यांचे मृत्यू पाहिले, तिला दैवापुढे नम्र होण्याचा पाठ निराळा देण्याची आवश्यकता नव्हती. मनुष्यांपुढे मात्र ती नमली नाही.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, स्त्रियांसाठी मराठी पुस्तक, शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष, इतकी कामे एका वर्षात झाली. स्त्रियांस स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य पाहिजेत, हे त्यांनी कमिशनपुढे स्पष्ट सांगितले. स्वतः वैद्यकी शिकावी या इच्छेने त्या १८८३ साली विलायतेस गेल्या. परंतु कानांनी कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. धर्मांतर करणार नाही असे म्हणून गेलेल्या या बाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथील मठवासिनी भगिनींच्या आश्रयास असता, कन्येसह बाप्तिस्मा घेतला. ही वार्ता येताच महाराष्ट्रात केवढा क्षोभ झाला हे प्रसिद्ध आहे. जोतीराव फुल्यांसारख्या एखाद्याने मात्र १८८५ साली उघड लेखणी उचलून बाईंची बाजू घेतली.

त्यांचे मन कशाने वळले हे पाहण्यासारखे आहे. लंडनमधील फुलहॅम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी या भगिनींनी एक आश्रम चालविला होता. कुलीन स्त्रिया या टाकलेल्या बायकांची सेवा करीत आहेत, त्यांच्या जखमा बांधीत आहेत, आणि त्यांस पुन्हा माणसांत आणीत आहेत, हे दृश्य रमाबाईंनी पाहिले. अशा बायकांविषयी दया असावी असे त्यांनी वाचलेल्या एकाही धर्मशास्त्रात त्यांस आढळले नव्हते. योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट तेव्हा त्यांनी वाचली. सिद्धांतांच्या वादात ज्या बाईंस जिंकणे सोपे नव्हते, त्या एका सेवेच्या दृश्यापुढे नमल्या. आमचा मुद्दा येथूनच उघड होतो.

ज्या भगिनींची सेवा पाहून रमाबाईंनी तो धर्म घेतला, त्यांच्याशीच त्यांचे खटके उडू लागले. ज्यांनी दीक्षा दिली त्यांची आज्ञा नव्या शिष्येने निमूटपणे पाळावी, अशी वडील मंडळींची अपेक्षा होती. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या व संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. पुरुषांच्या सभांत धर्मशास्त्रावर भाषणे केलेल्या पंडितेस हा निषेध अपमानास्पद वाटला. त्रैक्यादि गूढ सिद्धांतांविषयी त्यांच्या मनात शंका होत्या, त्या त्यांनी दडविल्या नाहीत. धर्माधिकाऱ्यांच्या शब्दापुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी साफ नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडविली ती दुसऱ्याच्या जोखडात अडकविण्यासाठी नव्हे, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. त्यांच्या धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांनी हा गर्व होय, हा ताठा होय, असे बजावले. ख्रिस्ती नम्रता अद्याप अंगी बाणली नाही म्हणून हळहळ केली.

या वादातील एक प्रसंग लहान, पण फार बोलका आहे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असत. रमाबाईंनी विचारले की, लॅटिनच का? क्रूस घालावयाचाच तर त्यावर आपल्या देशाच्या जुन्या व सुंदर भाषेतील, म्हणजे संस्कृतातील, शब्द असावेत. संस्कृत ही देवांची भाषा आहे म्हणून हा हट्ट नव्हता. ती मायदेशाची भाषा आहे एवढेच कारण होते. परक्या देशात, परक्या अन्नावर असता आपल्या भाषेचा मान न सोडणाऱ्या या बाईंस धर्मगुरूंनी गर्विष्ठ म्हटले. आमच्या मते ती स्वाभिमानाची कसोटी होती, आणि बाई तीत उतरल्या. संस्कृतचा हा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण याच भाषेविषयी रमाबाईंनी पुढे काय केले ते शेवटी सांगावयाचे आहे.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरीच्या पदवीदानाचे. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाअखेर बोस्टन येथे त्यांच्या साह्यासाठी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्या १८८९ च्या आरंभी मुंबईस परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी, चौपाटीनजीक, काशीबाई कानिटकर यांच्या अध्यक्षतेखाली शारदा सदन उघडले. विद्यार्थिनी मोजून दोन. त्यांपैकी विधवा होती ती गोदूबाई. हीच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. ज्या गिरगावात कर्वे व गोदूबाईंचे बंधू एकत्र राहत, त्या गिरगावातून ही विधवा शाळेत गेली आणि तेथून महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या एका मोठ्या संस्थेचा ओघ निघाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन मुंबईस भरले, त्यात प्रतिनिधी म्हणून बसलेल्या थोड्या स्त्रियांत रमाबाई होत्या. आणि सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी भाषण केले. राष्ट्रकार्य व समाजसुधारणा ही दोन निराळी खाती आहेत असे मानणारांनी या तारखा अवश्य पाहाव्यात.

१८९० च्या अखेरीस शारदा सदन पुण्यास गेले. तेथे पुढे जो वाद पेटला तो टाळून चरित्र सांगणे हा लबाडपणा होईल. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे वचन होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे ठेवीत; काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. उघडे दार हे आमंत्रण होय, असे एक पक्ष म्हणे. दार कोणासही बंद न करणे हीच तटस्थता, असे बाई म्हणत. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ च्या ऑगस्टात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. लहान वयाच्या, सर्वस्वी आश्रित अशा मुलींवर त्यांच्या आश्रयदात्रीच्या श्रद्धेचा भार पडणे अपरिहार्य होते, ही रानडे-भांडारकरांची बाजू आम्हांस पोकळ वाटत नाही. परंतु ज्या समाजाने या मुलींस अन्न, वस्त्र आणि अक्षर यांपैकी काहीच दिले नव्हते, त्याने केवळ त्यांच्या धर्माची काळजी वाहावी, यातील विसंगती बाईंनी दाखविली असता तिचे उत्तर समाजापाशी नव्हते, हेही तितकेच खरे.

या वादाच्या आधी, १८९१ साली, रमाबाईंच्या अंतरंगात एक पालट झाला होता. आठ वर्षांपूर्वी आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला, परंतु प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात सांगितले. धर्म त्यांनी बुद्धीने पारखून घेतला होता. सिद्धांत जुळविले होते, तुलना केली होती. ही सर्व विद्या असूनही अंतःकरण रिते आहे असा अनुभव त्यांस आला आणि आपण केवळ कृपेवर जगणारी एक सामान्य पापी स्त्री आहो, ही जाणीव त्यांच्या ठायी दृढ झाली. बिशपांच्या आज्ञेने जे घडले नाही ते स्वतःच्या रितेपणाच्या ओळखीने घडले. नम्रता अंगी बाणण्याचा हाच क्रम असावा. ती बाहेरून लादता येत नाही, एका दिवसात पुरीही होत नाही. मनुष्य स्वतःविषयीचे सत्य जितके सोशीत जातो तितकी ती वाढते. आणि वाढली की ती आसनावर बसून राहत नाही, उठून खाली जाते.

रमाबाई खाली गेल्या. विधवांची स्थिती पाहण्यासाठी त्या भिकारणीचा वेष घेऊन वृंदावनास राहिल्या. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तेथे जाऊन तीनशेच्या आसपास उपाशी मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांत ब्राह्मण विधवांखेरीज नाना जातींच्या, रोगांनी व उपासमारीने विरूप झालेल्या, शिवीशिवाय दुसरा शब्द ठाऊक नसलेल्या मुली होत्या. आरंभी उच्चवर्णीय विधवांपुरते असलेले त्यांचे कार्य येथे वर्णाची मर्यादा ओलांडून गेले. पुण्यात प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे या मुलींस दौंडजवळच्या केडगाव येथील, पूर्वीच घेतलेल्या जमिनीवर नेण्यात आले. तंबूंत आणि झोपड्यांत प्रारंभ झालेली ही वसाहत १८९८ पासून मुक्ती सदन म्हणून प्रसिद्ध झाली. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दीड हजारांवर गेली.

त्याच प्लेगाच्या दिवसांत, १८९७ साली, पुण्याच्या सरकारी प्लेग इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची हेळसांड होते अशी तक्रार त्यांनी मुंबईच्या वर्तमानपत्रात नावानिशी केली. प्रकरण पार्लमेंटापर्यंत गेले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी तक्रार खोटी ठरविली. बाईंनी ती मागे घेतली नाही. सरकारचा धर्म तोच आपला धर्म, अमेरिकेचा पैसा आपल्या संस्थेस, अशा स्थितीत गप्प बसणे सोयीचे होते. तेव्हा ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या सरकारच्या झाल्या असे म्हणणारांनी हे प्रकरण विसरू नये.

मुक्ती सदनात शेती होती, गोठा होता, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. प्रत्येकीने हातांनी काम करावयाचे हा नियम. ज्या घरास मजुरीची लाज वाटली म्हणून तीन माणसे उपाशी मेली, त्या घरच्या मुलीने हा नियम का केला हे सांगावयास नको. अंध मुलींस ब्रेल लिपी शिकविण्यात येई. वृद्धांसाठी निराळे घर होते. आणि फसविल्या गेलेल्या, पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. फुलहॅमचे दृश्य केडगावच्या माळावर अशा रीतीने उतरले. रमाबाई स्वतः सुती पांढऱ्या लुगड्यात राहत, आयुष्यभर शाकाहारी राहिल्या.

आता संस्कृतची गोष्ट. वयाच्या उतारात, १९०४ च्या सुमारास, रमाबाईंनी सबंध बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर होते. पंडितास ते प्रौढ वाटे, परंतु केडगावच्या शेतात राबणारी, कालपरवा अक्षर ओळखू लागलेली बाई त्याच्या पहिल्याच वाक्यात अडे. ज्या शब्दांवर जुन्या धर्मकल्पनांची छाया आहे तेही टाळावेत, असाही बाईंचा हेतू होता. म्हणून कलकत्त्याच्या सभेने सरस्वती म्हणून गौरविलेल्या या स्त्रीने आपल्या लेखणीतून संस्कृत शब्द निवडून निवडून काढून टाकले आणि साध्या, घरगुती मराठीत एकेक वाक्य बसविले. जी भाषा बिशपांसाठी सोडण्यास त्यांनी नकार दिला होता ती निरक्षर विधवेसाठी त्यांनी आपण होऊन सोडली. आमच्या मते त्यांच्या नम्रतेचा संपूर्ण अर्थ या दोन प्रसंगांच्या तुलनेत आहे. भाषांतर वाङ्मय म्हणून रूक्ष आहे, मूळ शब्दास धरून चालताना ओघ तुटतो, हे टीकाकारांचे म्हणणे रास्त आहे. चर्चांतून ते सर्वत्र रूढ झाले नाही हेही खरे. परंतु विद्वानांच्या वाहवेसाठी ते केलेच नव्हते. त्याचे खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या हातांत मुक्तीतल्याच स्त्रियांचे हात होते.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती कन्या आणि कार्याची वारस मनोरमा वारली. एकाकीपण पुन्हा वाट्यास आले, तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगावासच देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या मागे १९२४ साली बाहेर पडले. आपल्या टपालखात्याने १९८९ साली त्यांचे तिकीट काढले. आणि ज्या इंग्लंडच्या चर्चमधील वडील मंडळींनी त्यांस नम्रतेचा अभाव आहे म्हणून खडसाविले, त्याच चर्चच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणाचा असून धर्मग्रंथाच्या भाषांतरकर्त्री म्हणून त्यांचा उल्लेख आहे. निकाल उशिरा लागला, परंतु विरुद्ध पक्षाच्याच दप्तरात नोंदला गेला.

येणेप्रमाणे पुरावा वाचकांपुढे आहे. शास्त्र्यांपुढे, बिशपांपुढे, गव्हर्नरापुढे रमाबाई वाकल्या नाहीत. दुष्काळातील पोरीपुढे, टाकलेल्या बाईपुढे, आंधळ्या मुलीपुढे, आणि जिला जोडाक्षर वाचता येत नाही अशा विधवेपुढे त्या आयुष्यभर वाकत राहिल्या. त्यांचा धर्म आपला नसेल. त्यांची सर्व मते आम्हांसही मान्य नाहीत. परंतु नम्रता आणि लाचारी यांत त्यांनी आचरणाने जो भेद करून दाखविला तो कोणत्याही धर्माच्या मनुष्यास उपयोगी पडेल असा आहे. लाचारी बलवानाचे तोंड पाहून जन्मते आणि त्याची पाठ वळताच दुर्बळावर दात काढते. साहेबापुढे कमरेत वाकणारा मनुष्य घरी येऊन मोलकरणीवर ओरडतो, हे दृश्य दादरपासून गिरगावापर्यंत कोणत्या इमारतीत दिसत नाही?

म्हणून आमची सूचना एवढीच की, नम्रतेचा धडा यापुढे वरच्या पायरीवरून सुरू व्हावा. संस्थेच्या चिटणिसाने शिपायाशी, डॉक्टराने धर्मार्थ दवाखान्यातील रोग्याशी, वकिलाने निरक्षर पक्षकाराशी, शिक्षकाने मागे पडलेल्या मुलाशी कसे बोलावे, याचा विचार ज्या घरात व ज्या कचेरीत होईल तेथे त्या गुणाची लागवड झाली असे समजावे. आम्ही वृत्तपत्रकारांनीही आमचा वाटा उचलला पाहिजे. ज्यांच्यासाठी लिहितो त्यांस कळेल असे लिहिणे हेही वाकणेच आहे. आणि सरस्वती ही पदवी मिळालेल्या बाईंस जे कमीपणाचे वाटले नाही ते आम्हांस वाटण्याचे कारण नाही. दुर्बळास मात्र या उपदेशातून काही काळ सुटी द्यावी. त्याने ताठ उभे राहण्याचा अभ्यास करावा. चौपाटीनजीकच्या त्या शाळेत, दोन विद्यार्थिनींपासून, पहिला पाठ दिला गेला तो हाच होता.